नो डिस्प्ले: रॅमचा वेग वाढवला आणि पीसी उठलाच नाही, या दुखण्याचा इतिहास

(आपल्या ताज्या भागाचा हा लिखित अवतार. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

कर्जत लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असाल तर एक हात दांडीला राहू द्या, कारण आज आपल्याला उल्हासनगरपासून कुलाब्यापर्यंत आणि 1949 पासून आजपर्यंत बराच प्रवास करायचा आहे. विषय तसा साधा आहे. कॉम्प्युटरच्या रॅमचा वेग वाढवला, रीस्टार्ट केला, आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, लाइट लागतायत, मॉनिटर मात्र म्हणतोय ‘नो सिग्नल’.

रिपेअरिंगच्या दुकानात याला एकच शब्द आहे: ‘नो डिस्प्ले’. कॅबिनेटवर चिकटपट्टी लावून त्यावर मार्करनं हेच लिहिलेलं असतं. या दोन शब्दांमागे पन्नास कारणं असू शकतात. त्यातलं एक कारण फुकटात, दहा मिनिटांत दुरुस्त होतं. पण ते ओळखता आलं नाही तर तोच पीसी ‘बोर्ड गेला’ म्हणून बाजूला पडतो आणि घरच्यांकडून नव्या मदरबोर्डचे पैसे मागायची वेळ येते. बदलापूर-अंबरनाथकडच्या बहुतेक पोरांचा गेमिंग पीसी हा साठवलेल्या पैशांचा, कधी पहिल्या पगाराचा, कधी हप्त्यावरचा असतो. त्यामुळे हा फरक ओळखणं ही काही हौसेची गोष्ट नाही.

आणि हा फरक नीट कळायचा असेल तर इतिहास बघावा लागतो. कारण कॉम्प्युटर असा का अडतो आणि असा का सुटतो, ही दोन्ही उत्तरं इतिहासातच आहेत.

डब्यावरचा आकडा

सुरुवात उल्हासनगरपासून करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना इथल्या बॅरेकमध्ये जागा मिळाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. लष्करी छावणीची खूण आजही पत्त्यात आहे: कॅम्प एक, कॅम्प दोन, असं करत कॅम्प पाच.

घरदार सोडून आलेल्या या लोकांनी बॅरेकमध्येच छोटे कारखाने आणि दुकानं काढली आणि काही वर्षांत बाजारपेठ उभी केली. मग तो सुप्रसिद्ध विनोद आला. मालावर ‘मेड इन यूएसए’ असं लिहिलेलं असायचं, आणि यूएसए म्हणजे म्हणे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! गावोगावी सांगितला गेलेला हा विनोद आहे, पण त्यात एक प्रश्न लपलेला आहे. लेबल वर काय सांगतं आणि आत काय असतं?

आता तुमच्या रॅमचा डबा घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय 3600. पीसी जोडला, टास्क मॅनेजर उघडला, तर तिथे दिसतंय 2133 किंवा 2400. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: “फसवलं!” नाही हो, फसवलेलं नाही. डब्यावरचा आकडा हे एक वचन आहे, आणि त्याला अटी लागू आहेत. त्या अटी काय, त्या कुणी लिहिल्या आणि कधी, हे समजलं की अर्धा आजार समजला.

तोपर्यंत एक जोडमाहिती. 1990च्या दशकात जगभर ‘रीमार्किंग’ नावाचा उद्योग चालायचा. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचं लेबल घासून जास्त वेगाचं छापायचं, आणि महाग विकायचं. चिप बिचारी चालायचीही, कारण कंपनीनं वेग ठरवताना थोडा राखीव जीव ठेवलेला असतो. नंतर इंटेलनं प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद केला, त्याचं एक कारण हेच सांगितलं गेलं. म्हणजे बघा, दुकानदारानं चोरून केलं तर फसवणूक, आणि मालकानं स्वतःच्या मशीनवर उघडपणे केलं तर ओव्हरक्लॉकिंग. चिपच्या दृष्टीनं दोन्ही एकच.

अंबरनाथचा शब्द: टॉलरन्स

हा ‘राखीव जीव’ काय असतो ते अंबरनाथच्या जुन्या कामगारांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीचं हे गाव. 1953 मध्ये इथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. लेथवर काम करणाऱ्याला माहीत असतं की ड्रॉइंगवर 20 मिलिमीटर लिहिलं असलं तरी शेजारी अधिक-उणे काहीतरी लिहिलेलं असतं. तोच टॉलरन्स. कुठलाच भाग अगदी तंतोतंत बनत नाही, म्हणून आधीच थोडी मोकळीक धरलेली असते.

रॅमच्या चिपचंही तसंच. एकाच खेपेत बनलेल्या चिपमध्ये काही जास्त वेग सहन करतात, काही कमी. कंपनी असा वेग जाहीर करते जो सगळ्यांना, उन्हाळ्यात, धुळीत, स्वस्त बोर्डावरही झेपेल. तुम्ही ओव्हरक्लॉक करता तेव्हा ही मोकळीक खर्च करता. फुकटात काही मिळत नाही, आधीच बाजूला ठेवलेलं वापरलं जातं. ते संपलं की मशीन अडतं.

गंमत म्हणजे हीच युक्ती उलट्या बाजूनं वापरायची पद्धत फार जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘व्हर्लविंड’ नावाचा कॉम्प्युटर होता. त्यावर काम करणारे लोक मुद्दाम व्होल्टेज वरखाली करून बघायचे. जी व्हॅक्यूम ट्यूब म्हातारी झाली असेल ती या त्रासात आधी दगा द्यायची, मग ती आधीच बदलून टाकायची. म्हणजे मशीन मर्यादेपर्यंत ढकलायचं ते वेगासाठी नाही, तर उद्या कोण दगा देणार हे आजच कळावं म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

कुलाब्याचं दहा किलोबाइट

आता आपल्याकडच्या मेमरीकडे येऊ. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे होमी भाभांच्या संस्थेत, 1950च्या दशकात काही तरुण मंडळींनी आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच कॉम्प्युटर बांधायला घेतला. आधी एक छोटं प्रायोगिक मशीन केलं, मग मोठं. ते 1960 मध्ये वापरात आलं. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. भारतात रचना करून बांधलेला हा पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटर.

त्यात सुमारे 2700 व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आणि मेमरी? फेराइटच्या बारीक कड्यांची. प्रत्येक कडी म्हणजे एक बिट, तिच्यातून तारा ओवलेल्या. एकूण 2048 शब्द, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. गुणाकार करा: 81,920 बिट, म्हणजे 10 किलोबाइट. तुमच्या फोनमधला 3 एमबीचा एक फोटो ठेवायला असे तीनशे टिफ्रॅक लागले असते. आणि 16 जीबी रॅम म्हणजे त्या मेमरीच्या साडेसोळा लाखांहून जास्त पट.

पण त्या कड्यांमध्ये एक गुण होता जो तुमच्या महागड्या रॅममध्ये नाही. कडी चुंबकीय असल्यामुळे वीज गेली तरी तिला आठवायचं. एमएस-सीआयटी केलेल्या प्रत्येकाला पाठ असलेलं वाक्य आहे ना, रॅम म्हणजे वीज गेली की विसरणारी मेमरी? ते वाक्य कड्यांच्या काळात खरं नव्हतं. ते खरं झालं ते पुढच्या शोधानंतर.

गळकी घागर

1966 मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक कल्पना सुचली. एक बिट साठवायला एकच ट्रान्झिस्टर आणि एकच कपॅसिटर पुरे. कपॅसिटरमध्ये चार्ज असला तर एक, नसला तर शून्य. 1968 मध्ये पेटंट मिळालं. 1970 मध्ये इंटेलनं 1103 नावाची 1024 बिटांची डीरॅम चिप बाजारात आणली आणि कड्या ओवायचे दिवस भराभर संपले.

या कल्पनेत एक अडचण होती. तो कपॅसिटर इतका छोटा की त्यातला चार्ज गळतो. गळक्या घागरीसारखं. म्हणून मेमरी कंट्रोलर दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक ओळ वाचतो आणि पुन्हा भरतो. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर4 मध्ये साधारण 64 मिलिसेकंदांत सगळी मेमरी एकदा ताजी करावी लागते. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. दगडाला साडेनऊशे वर्षांहून जास्त काळ आठवतंय, आणि आपल्या रॅमला सेकंदाचा सोळावा भागसुद्धा मदतीशिवाय आठवत नाही!

आता वेगाचा हिशोब बघा. 3200 वेगाची रॅम एका तारेवर सेकंदाला 320 कोटी वेळा शून्य किंवा एक पाठवते. म्हणजे एका बिटाला वेळ मिळतो नॅनोसेकंदाचा एक तृतीयांशही नाही. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेनऊ सेंटीमीटर जातो. रॅम आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर तेवढ्याच आसपासचं. एखादी तार शेजारणीपेक्षा किंचित लांब असली तरी तिचा बिट उशिरा पोचतो.

म्हणून पीसी चालू होताना, मॉनिटरवर काहीही दिसण्याआधी, बोर्ड प्रत्येक तार तपासतो. कुठल्या तारेवर किती उशीर आहे, कुठल्या क्षणी वाचलं तर बरोबर येतं, हे मोजून ठेवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तुम्ही मागितलेल्या वेगावर ते जमलं नाही तर पुढे काहीच होत नाही, कारण मेमरीशिवाय मॉनिटरवर अक्षर उमटवायचीही सोय नाही. ‘नो डिस्प्ले’चा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो: ग्राफिक्स कार्डपर्यंत पाळी आलेलीच नाही.

आयबीएमनं मुद्दाम पाडलेलं ‘नो बूट’

आता या भागातला माझा आवडता किस्सा. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये किती मेमरी आहे हे सांगायला बोर्डावर बारीक स्विच असायचे. पेनाच्या टोकानं सरकवायचे. 1984 मध्ये आयबीएमनं पीसी एटी आणला आणि स्विचऐवजी एक घड्याळाची चिप दिली. तिच्यात 64 बाइटची इवलीशी मेमरी होती, काही बाइट वेळेसाठी आणि बाकीचे सेटिंगसाठी. मुख्य वीज गेल्यावर तिला जागं ठेवायला बॅटरी. हीच ती सीमॉस. तुमच्या आजच्या बोर्डावरचा बटण-सेल हा त्या निर्णयाचा वारस आहे.

हा एटी चालायचा 6 मेगाहर्ट्झवर. त्याचा वेग ठरवायचा एक क्वार्ट्झचा क्रिस्टल, आणि तो सॉकेटमध्ये बसवलेला, म्हणजे हातानं काढता येईल असा. हौशी लोकांनी काय केलं? बाजारातून जास्त वेगाचा क्रिस्टल आणला, जुना काढला, नवा बसवला. झाला 8 मेगाहर्ट्झ! खर्च अगदी किरकोळ.

आयबीएमला हे रुचलं नाही. 1985 च्या सुधारित बायॉसमध्ये त्यांनी एक तपासणी घातली. चालू होताना मशीन स्वतःचा वेग मोजायचं आणि ठरलेल्यापेक्षा जास्त आढळला तर तिथेच थांबायचं. म्हणजे ओव्हरक्लॉकिंगनंतर पीसी न उठणं हा तेव्हा बिघाड नव्हता, कंपनीनं घातलेला पहारा होता. पुढे 1986 मध्ये आयबीएमनं स्वतःच 8 मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला. मशीन माझं, पण त्याचा वेग कोण ठरवणार, हे भांडण तेव्हापासून चालू आहे.

चावी कपाटातच राहिली

भारतात याच सुमारास दारं उघडत होती. 1984 मध्ये नवं संगणक धोरण आलं, सुटे भाग आणणं सोपं झालं. 1997 मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्याकडे गेलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडची बाजारपेठ फुलली ती या काळात. बदलापूरहून निघायचं, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि बोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस अशी यादी हातात धरून दुकानं पालथी घालायची. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो तिथून.

त्या काळच्या बोर्डावर वेग ठरवायला जंपर असायचे. दोन पिनांवर बसणारी प्लास्टिकची टोपी. चुकीच्या जागी लावली, पीसी उठला नाही, तर टोपी परत जागेवर लावायची. काम झालं. मग 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात काही कंपन्यांनी ही सेटिंग बायॉसच्या स्क्रीनवर आणली. कॅबिनेट न उघडता, कीबोर्डवरून वेग बदला! 1998 मध्ये इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन 300ए आला, आणि बसचा वेग 66 वरून 100 केला की तो 300 चा 450 मेगाहर्ट्झ व्हायचा. अशी लॉटरी लागल्यावर कोण थांबणार?

पण या सोयीत एक पेच होता. चुकीचा वेग आता सीमॉसमध्ये लिहिलेला असायचा. तो दुरुस्त करायला बायॉसची स्क्रीन हवी. आणि स्क्रीन दिसायला पीसी उठायला हवा. कपाटाला कुलूप लावलं आणि चावी आतच राहिली, असा प्रकार. दर वेळी चालू केल्यावर मशीन तोच चुकीचा आकडा आठवतं आणि तिथेच अडतं. म्हणजे रॅम विसरली म्हणून पीसी अडत नाही, सीमॉसला नको ते आठवतं म्हणून अडतो!

म्हणून बोर्डावर एक मागचं दार ठेवलं गेलं. ‘क्लिअर सीमॉस’ लिहिलेल्या दोन-तीन पिना. काही बोर्डांवर कीबोर्डचं इन्सर्ट बटण दाबून चालू केलं की जुना वेग सोडून द्यायची सोय होती. आणि काहीच नाही तर बटण-सेल काढायचा. आजही सगळी दुरुस्ती याच एका कल्पनेवर उभी आहे: मशीनला तो आकडा विसरायला लावा.

मग एक्सएमपी आलं

1998 च्या पीसी100 रॅमपासून प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप बसवणं रूढ झालं, एसपीडी. तिच्यात त्या रॅमची कुंडली: किती वेग, किती व्होल्टेज, कुठल्या वेळा. ही कुंडली जेडेक या मानक संस्थेच्या नियमांनी लिहिलेली. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांना ती फार सावध वाटायची. म्हणून 2007 मध्ये इंटेलनं डीडीआर3 सोबत एक्सएमपी आणलं. त्याच चिपमध्ये दुसरी, धाडसी कुंडली. डब्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा या दुसऱ्या कुंडलीतला असतो. डीडीआर4 चं साधं व्होल्टेज 1.2, तर एक्सएमपीचं बऱ्याचदा 1.35. डीडीआर5 साठी एएमडीनं 2022 मध्ये एक्सपो नावाची आपली कुंडली काढली.

आता डब्याचं कोडं सुटलं. 2133 ही जेडेकची पत्रिका, 3600 ही एक्सएमपीची. दुसरी चालेल की नाही हे रॅम एकटी ठरवत नाही. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्डाची वायरिंग, दोन पट्ट्या आहेत की चार, आणि त्या एकाच पाकिटातल्या आहेत की एक आज घेतलेली आणि एक दोन वर्षांपूर्वीची, हे सगळं मिळून ठरतं. सर्वांत जास्त रडारड चार पट्ट्या आणि वेगवेगळी पाकिटं असताना होते.

तर मग करायचं काय?

मंडळी, आता इतिहासातून थेट टेबलावर येऊ. वेग बदलला आणि स्क्रीन काळी झाली, तर या क्रमानं जा.

पहिलं: थांबा. खरंच थांबा. डीडीआर5 च्या बोर्डावर वेग बदलल्यावर ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. पीसी आपोआप बंद-चालू होत असेल तर तो स्वतः प्रयत्न करतोय. बरेच बोर्ड काही वेळा हरल्यावर आपणहून साध्या वेगावर येतात. दहा मिनिटं घड्याळ लावून बसा.

दुसरं: बघा आणि ऐका. बोर्डावर बारीक लाइट असतील तर कुठला लागलाय? सीपीयू, डीरॅम, व्हीजीए की बूट? डीरॅमवर अडला असेल तर निदान झालं. जुन्या बोर्डावर स्पीकर असेल तर पुन्हा पुन्हा येणारा लांब बीप बऱ्याचदा रॅमकडेच बोट दाखवतो.

तिसरं: विसरायला लावा. भिंतीवरचं बटण बंद, केबल काढलेली. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलीसुरली वीज जाते. मॅन्युअल बघून क्लिअर सीमॉसच्या पिना शोधा आणि त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पाच-दहा सेकंद जोडा. मॅन्युअल न बघता अंदाजानं कुठल्याही पिना जोडू नका. पिना सापडत नसतील तर बटण-सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा. त्या सेलचं नाव सीआर2032, आणि नावातच माप आहे: 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. जुना असेल तर नवाच टाका, कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

चौथं: एकच पट्टी ठेवा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये, चार स्लॉटच्या बोर्डावर हा बहुधा प्रोसेसरकडून दुसरा असतो. नाही उठला तर दुसरी पट्टी लावून बघा. आणि हो, खोडरबर! आपल्याकडे रॅमच्या सोनेरी पिना खोडरबरानं घासायची पद्धत आहे आणि लोक तिला हसतात. पण पावसाळी दमट हवेत पिनांवर थर बसतो, आणि मुळात पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यानंही संपर्क सुधारतो. म्हणून ती बऱ्याचदा लागू पडते. फक्त सोन्याचा मुलामा पातळ असतो, खसाखसा घासू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड जास्त चांगलं. आणि हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

पाचवं: उठला? अभिनंदन, पण लगेच गेम लावू नका. सीमॉस पुसल्यावर तारीख-वेळ चुकते, ती लावा. बूटचा क्रम आणि डिस्कची पद्धतही डिफॉल्टवर जाते, त्यामुळे विंडोज उठत नसेल तर आधी तिथे बघा. विंडोज 11 मध्ये डिस्क एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती की वेग बदलण्याआधीच कुठेतरी लिहून ठेवायची असते. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी आजचा भाग वसूल.

सहावं: एवढं सगळं करूनही काळोखच असेल तर एसएमपीएसकडून प्रोसेसरला जाणारी आठ पिनांची केबल, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटरची केबल तपासा. आणि मगच दुकान. तिथे गेल्यावर ‘चालत नाही’ एवढंच म्हणू नका. ‘रॅमचा वेग वाढवला, त्यानंतर उठला नाही, सीमॉस क्लिअर केलं, एकेक पट्टी लावून बघितली’ असं सांगा. कारागिराचा वेळ वाचतो, आणि समोरच्यालाही कळतं की तुम्हाला माहिती आहे.

न उठण्यापेक्षा वाईट काय?

उठणं. हो, बरोबर ऐकलंत. जो पीसी उठत नाही तो निदान प्रामाणिक आहे. खरा धोका त्या पीसीचा, जो उठतो, विंडोज दाखवतो, गेमही चालवतो, आणि कोट्यवधी बिटांत मधूनच एखादा चुकीचा लिहितो. लग्नाचे फोटो हार्ड डिस्कवर टाकणारा फोटोग्राफर, उल्हासनगरच्या एखाद्या दुकानाचे हिशोब टॅलीत ठेवणारी मुलगी, प्रोजेक्ट लिहिणारा डिप्लोमाचा विद्यार्थी. फाइल सेव्ह होते, पण आतून बिघडलेली. कळतं ते सहा महिन्यांनी, ती उघडायची वेळ येते तेव्हा. बॅकअप घेतला असेल तर तोही बिघडलेल्याच फाइलचा.

म्हणून व्हर्लविंडची ती गोष्ट आठवा. दगा कुठे आहे हे मुद्दाम त्रास देऊन आधीच शोधायचं. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट टाका, रात्रभर चालू द्या. एकही एरर आला तर तो वेग तुमच्या मशीनचा नाही. 3600 झेपत नसेल तर 3200 वर या. दोन-चार फ्रेम कमी मिळतील, त्यानं आकाश कोसळत नाही. वेग टिकवण्यासाठी डोळे झाकून व्होल्टेज वाढवत जाणं हा मात्र खरोखरच चिप जाळायचा रस्ता आहे.

आणि ही तपासणी जानेवारीत केली असेल तर मेमध्ये पुन्हा करा. बदलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा चाळिशीच्या पुढे जातो. तापमान वाढलं की त्या घागरीची गळती वाढते. रॅम फार तापली की रिफ्रेश दुप्पट वेगानं करावा लागतो, हे मानकातच लिहिलेलं आहे. थंडीत पास झालेला वेग उन्हाळ्यात नापास होऊ शकतो.

तर आजचा गृहपाठ एकच, आणि पीसी नीट चालू असतानाच करायचा. मदरबोर्डच्या मॅन्युअलमधलं क्लिअर सीमॉसचं पान शोधा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. स्क्रीन काळी झाल्यावर ते पान शोधायला स्क्रीन लागते, आणि ती तुमच्याकडे नसते.

प्रश्न असतील तर पाठवत राहा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि सेटिंग बदलण्याआधी जुना आकडा कागदावर लिहून ठेवा!